शेजारच्या कागदावरचं दहा

उस्मानपुऱ्यात आज जिथे सोफासेट आणि डायनिंग टेबलं ओळीने मांडलेली दिसतात, तिथे पूर्वी मी लोकांना भिंतीकडे तोंड करून उभं करत असे. तेही फी घेऊन. तक्रार फारशी कुणी केली नाही, कारण तक्रार करण्याइतका दम त्यांच्यात उरत नसे.

मी मुळात शाळेत पी.टी. शिकवणारी. एनसीसीत असताना बंदूक हातात आली, मग पिस्तूल आलं आणि ते काही सुटलं नाही. लग्नानंतर सुनेला छंद कोणता असं कुणी विचारलं, की सासूबाई बेधडक ‘भरतकाम’ सांगायच्या. नोकरी संपल्यावर मी हवेच्या दाबावर चालणाऱ्या पिस्तुलांचा वर्ग काढला. त्याला लांबट जागा लागते. ती मिळाली एका पिठाच्या गिरणीच्या मागे. गिरणी सुरू झाली की आमची भिंत थरथरायची. नवीन माणूस घाबरून म्हणायचा, “मॅडम, भिंत हलतेय.” मी म्हणायची, “हलू दे. तुम्ही हलू नका म्हणजे झालं.”

येणारे बहुतेक जण सिनेमा बघून आलेले असत. हवेच्या पिस्तुलातून धूर निघत नाही, त्यामुळे नळीवर फुंकर मारण्याची सोय नाही, हे कळल्यावर काही जण पहिल्याच दिवशी परत गेले. एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं होतं. हातात पिस्तूल द्यायच्या आधी हात आडवा धरून उभं राहायचं, हा माझा नियम सगळ्यांना सारखा. नवऱ्या मुलाचा हात थोड्याच वेळात खाली आला. नवरीचा आला नाही. फोटोग्राफरने नेमका तोच फोटो काढला. लग्न झालं म्हणे, आणि बरं चाललंय.

बाहेरच्या माणसाला हे सगळं चमत्कारिक वाटतं, म्हणून आमचा धंदा थोडक्यात सांगते. नेमबाजी ही नेम धरण्याची कला आहे असं लोकांना वाटतं. खरं तर ती न हलण्याची आणि न बघण्याची कला आहे. माझ्या वर्गात पाच पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर रिकामा हात भिंतीकडे धरायचा, नंतर पाण्याने भरलेली बाटली, मग पिस्तूल. दुसरी पायरी म्हणजे छर्रा न भरता नुसता चाप ओढायचा. नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि चाप ओढताना ते पडता कामा नये. तिसऱ्या पायरीला छर्रा मिळायचा, पण निशाणाचा कागद उलटा लावलेला, पांढराफटक. त्यावर कुठेही मारा, फक्त सगळी भोकं एका पुंजक्यात आली पाहिजेत. चौथ्या पायरीला कागद सुलटा होऊन मधलं काळं वर्तुळ दिसायचं. पाचव्या पायरीला समोर घड्याळ, मागे पंच आणि पोटात गोळा.

सगळ्यात अवघड गोष्ट यातल्या कुठल्याच पायरीवर संपत नाही. नळीच्या टोकावर एक बारीक उभा ठोकळा असतो, त्याला आम्ही माशी म्हणतो. नजर त्या माशीवर ठेवायची. माशी लख्ख दिसली पाहिजे आणि समोरचं काळं वर्तुळ धूसर. जिथे मारायचं तिथे बघायचं नाही, हे कुणालाही सांगा, तो आधी तुमच्याकडे संशयाने बघतो. छावणी भागातल्या एका शिंपीकाकांना मात्र हे पहिल्या दिवशीच जमलं. जन्मभर सुईत दोरा ओवलेला माणूस, त्यांना जवळचं सोडून लांब बघायची सवयच नव्हती.

याच्या बरोब्बर उलट होते आमचे नाना.

नाना पैठण रस्त्यावरच्या एका गावचे जमीनदार. गिरणी आणि हॉल असलेली ती इमारत त्यांनी विकत घेतली, आणि एका सकाळी पुतण्या विलासला घेऊन ते थेट हॉलमध्ये आले. पांढरंशुभ्र धोतर, कोपरी, वर जाकीट आणि मिशा अशा की त्यांना वेगळी खुर्ची द्यावी. विलासला तिथे फर्निचरचं दुकान काढायचं होतं. मला हॉल रिकामा करा असं सांगायला ते आले होते. तेवढ्यात त्यांची नजर ओळीने भिंतीकडे हात करून उभ्या असलेल्या माझ्या विद्यार्थ्यांवर गेली.

“हे काय चाललंय? भिंतीला धमकी द्यायलात व्हय?”

सगळे हसले. हसण्याने हात हलले, म्हणून मी सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून उभं केलं. मग नानांना म्हटलं, “तुम्ही बघता का धरून?”

“मला काय शिकवता ताई! माझ्याकडं लायसन्सचं रिव्हॉल्वर हाय. वडिलांच्या टायमापासून.”

“कधी चालवलं होतं?”

नानांनी मिशीवरून हात फिरवला. विलासनेच सांगून टाकलं, “दसऱ्याला पूजा करतो की आम्ही त्याची.” पुढे एकदा ते रिव्हॉल्वर मी पाहिलं. चापाच्या फटीत इतक्या वर्षांचं हळदकुंकू बसलं होतं की तो चाप ओढायचा म्हटलं असतं तर आधी सवाष्णीला बोलवावं लागलं असतं.

मी एक पिस्तूल भरून त्यांच्या हातात दिलं आणि शेजारी उभी राहिले. नानांनी हात झोकात वर नेला, झोकात खाली आणला आणि चाप ओढला. कागदाला भोक पडलं नाही. कागदामागच्या फळीलाही पडलं नाही. छताच्या पत्र्यातून मात्र टण् असा आवाज आला. यावेळी कुणीच हसलं नाही, आणि नानांना तेच जास्त लागलं.

मला तेव्हा सुचलं ते असं. मी म्हटलं, “नाना, दिवाळीआधी इथेच जिल्ह्याची निवड चाचणी आहे. तोवर मी तुम्हाला पाचही पायऱ्या शिकवते. चाचणीत तुम्ही पात्रतेची रेषा ओलांडलीत तर हॉल माझ्याकडे राहू द्या. नाही ओलांडलीत तर मी स्वतः तुमच्या हातात किल्ली देईन.”

“झालं!” नाना म्हणाले.

विलास हिशेबी पोरगा. बाहेर पडता पडता त्याचा आवाज ऐकू आला, “आवो नाना, तुमी पास झालात तर आपलं दुकान गेलं की!”

“मग काय नापास होऊ? मी?”

माझं सगळं भांडवल तेवढ्या एका प्रश्नावर उभं होतं.

दुसऱ्या दिवसापासून नाना येऊ लागले. भिंतीपुढे उभं राहताना ते पहिले काही दिवस भिंतीशीच बोलायचे, “बाई, माझं काय चुकलं?” असं. नाण्याच्या पायरीला रुपया दर वेळी खाली. मी म्हटलं, “नाना, रुपया पडला.” तर म्हणाले, “पडू द्या. घरी लई हायेत.” पण नाण्याने त्यांना सोडलं नाही. आठवड्याभराने विलास सांगत आला की नाना जेवताना घास तोंडाशी नेतात आणि मध्येच थांबून हात हलतो का ते बघतात. विलासच्या काकू वैतागल्या होत्या. मी मनात म्हटलं, माणूस गळाला लागला.

त्यांच्या शेजारच्या जागेवर हौसा असे. हौसा धनगराची, अंगाने काटक आणि बोलायला फटकळ. वाळूजला एका कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षक होती. ड्यूटी सुटली की मोटारसायकलवर थेट हॉलवर यायची, गणवेश न बदलता. तिला राज्याच्या स्पर्धेत उतरायचं होतं आणि त्यासाठी तीच चाचणी पार करायची होती. तिच्या वडिलांच्या मेंढ्या दर वर्षी नानांच्या रानात बसायच्या. शेताला खत मिळावं म्हणून मेंढ्यांचा कळप रात्रीपुरता शेतात बसवतात, तसा. त्यामुळे दोघांची ओळख जुनी होती आणि भांडणंही जुनीच.

“नाना, तुमचा कोपर माझ्या रानात आलाय,” हौसा म्हणायची.

दोघांच्या जागांमध्ये गुडघ्याएवढी एक लाकडी फळी होती. नाना तिला बांध म्हणायचे. आधी नानांची पाण्याची बाटली बांधापलीकडे गेली, मग पिशवी, मग काठी. महिन्याभरात फळीच वीतभर हौसाच्या बाजूला सरकलेली मला दिसली. मी विचारलं तर नाना छताकडे बघू लागले. हौसाने पायाने फळी परत जागेवर ढकलली आणि म्हणाली, “मॅडम, यांच्या शेजारच्यांना इचारा. यांचा बांध चालतो.”

सवय ही अशी. पण खरी अडचण बांधाची नव्हती, नजरेची होती. नाना माशीकडे बघतच नसत. छर्रा सुटायच्या आधी त्यांचं लक्ष समोरच्या कागदाकडे, आणि सुटल्यावर लगेच शेजारच्या कागदाकडे. हौसाला किती पडले? आपल्यापेक्षा जास्त की कमी? उलट्या कोऱ्या कागदावर त्यांचा पुंजका सुरेख यायचा, कारण तिथे कुणाचं जास्त आणि कुणाचं कमी हे कळायचंच नाही. कागद सुलटा केला की पुंजका मोडायचा.

मी एकदा वैतागून म्हटलं, “नाना, तिच्या कागदाकडे कशाला बघता?”

“बघावं लागतं ताई. शेजारी काय पिकलं ते बघितल्याबिगर आपलं पीक कसं आलं ते कळतं व्हय?”

आणि जे व्हायचं तेच झालं. एकदा नानांचा छर्रा हौसाच्या कागदावर गेला. नजर जाते तिकडे पाय वळतात, पाय वळतात तिकडे खांदा, आणि खांदा वळला की छर्ऱ्याला काय, तो बिचारा सांगितलं तिकडे जातो. मी नानांना नियम समजावला. चाचणीत एका कागदावर एकच छर्रा मारायचा असतो. दुसऱ्याच्या कागदावर मारलात तर तुम्हाला शून्य. ज्याच्या कागदावर दोन भोकं पडतील आणि त्यातलं कुठलं कुणाचं हे सांगता येणार नाही, त्याला दोन्हींतलं जास्त गुणांचं भोक मिळतं.

नानांनी एकदा फळीकडे बघितलं, एकदा हौसाच्या कागदाकडे. “म्हंजी मी तिच्या रानात गेलो तर माझं बी जातं आन तिचं वाढतं?”

“हो.”

“हा कसला कायदा!” नाना खरोखर दुखावले होते. “असा कायदा गावात आला तर लोकानं जगावं कसं?”

चाचणीच्या दिवशी हॉलमध्ये बाहेरगावचे पंच आले. करडे गृहस्थ, हसल्याचा पुरावा चेहऱ्यावर कुठेही नव्हता. मी गिरणीवाल्याला हातापाया पडून गिरणी बंद ठेवायला सांगितली होती. विलास मागच्या बाकावर बसला होता. त्याच्या मांडीवर फर्निचरचा रंगीत कॅटलॉग होता, आणि तो मला दिसेल अशा बेताने पानं उलटत होता. त्या हॉलमध्ये माझा वर्ग होता, माझी माणसं होती, आणि आता ते सगळं कुंकू लावलेल्या रिव्हॉल्वरच्या मालकाच्या हातात होतं.

आणि नाना चांगले मारत होते! माझा विश्वास बसेना. हात वर, श्वास, हात खाली, थांबा, चाप. आठ, नऊ, आठ. दहा त्यांना कधीच पडलं नव्हतं, सरावातही नाही, पण रेषा ओलांडायला दहाची गरज नव्हती. शेवटचा छर्रा उरला तेव्हा मी मनात हिशेब केला. कसाबसा पाच-सहाचा नेम लागला तरी हॉल वाचत होता. हौसाचं मात्र कठीण होतं. तिला शेवटच्या कागदावर चांगले गुण हवेच होते.

हौसाने मारला. खांदे पाडले. आमच्या धंद्यात छर्रा कुठे गेला हे कागद बघायच्या आधी हाताला कळतं. तिच्या हाताला कळलं होतं.

नानांनी हात वर नेला. आणि मला दिसलं की त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बांधापलीकडे बघितलं. हौसाचे पडलेले खांदे त्यांनी पाहिले, आणि सवयीने तिच्या कागदाकडे मान किंचित वळली. पाय वळले. मी बोलू शकत नव्हते, प्रशिक्षकाने बोलायचं नसतं. मी मनातल्या मनात ओरडले, “नाना, माशी!” ते जणू त्यांना ऐकू गेलं. त्यांनी माशीकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी इतकं नीट, इतकं शांतपणे माशीकडे बघितलं. माशी लख्ख, मागचं काळं वर्तुळ धूसर, अगदी मी शिकवलं तसं. फक्त ते वर्तुळ हौसाचं होतं.

नानांचा कागद कोरा आला. हौसाच्या कागदावर दोन भोकं. एक सातच्या रेषेवर आणि दुसरं बरोब्बर मधोमध.

हौसा प्रामाणिक. ती पंचांना म्हणाली, “सर, माझं सातचं हाय. हाताला कळलं मला. ते दहा माझं नाय.”

पंचांनी चष्म्यावरून बघितलं. “हाताला काय कळलं हे नियमात नाही. कागदावर कुठलं कुणाचं हे दिसत नाही. दहा तुमचं. शेजारच्यांना शून्य.”

हौसाने रेषा ओलांडली. नानांची हुकली. विलासने कॅटलॉग मिटला आणि उभा राहिला. मी पर्समधून किल्ली काढली.

नाना अजून हौसाच्या कागदाकडेच बघत होते. “मॅडम,” ते म्हणाले, “मधलं भोक कुणाचं?”

“तुमचं, नाना.”

“दहाचं?”

“दहाचं.”

“म्हंजी दहा मीच मारलं ना?”

त्यांच्या मिशा थरथरत होत्या. मला वाटलं रडतात की काय, पण ते हसत होते. मी किल्ली पुढे केली. त्यांनी ती बघितलीसुद्धा नाही.

“चला नाना,” विलास म्हणाला. “ठरल्यापरमानं झालं. किल्ली घ्या.”

“कसली किल्ली? माझं दहा हिच्या कागदावर पडलंय. जन्मात पहिलं दहा, आन ते धनगराच्या पोरीच्या नावावर चढलं! हे मी असंच सोडू व्हय?” नाना विलासकडे वळले. “ऐक. ज्या दिवशी माझ्या सोताच्या कागदावर दहा पडल, त्या दिवशी हॉल तुझा. मांड तुझे सोफे. तवर हितली फळीसुदिक हलायची नाय.”

“नाना, फळी तर तुमीच हलवता,” हौसा म्हणाली.

हौसा राज्याच्या स्पर्धेला जाऊन आली. बक्षीस मिळालं नाही, पण पुढे तिने स्वतःच माझ्या हॉलवर शिकवायला सुरुवात केली, आणि माझ्यापेक्षा जास्त लोकांना पळवून लावलं. नाना येत राहिले. गावात त्यांनी ‘दहा मारलं’ एवढंच सांगितलं होतं, कुणाच्या कागदावर ते सांगायचं राहून गेलं होतं. आणि मी? मी माझं काम चोख केलं. शिकवण्यात कसूर केली नाही, पण घाईही केली नाही. नानांचे नऊ वारंवार पडायला लागले की मला त्यांच्या मनगटात काहीतरी दोष दिसायचा, आणि मी त्यांना पुन्हा भिंतीपुढे उभं करायची. “पाया कच्चा राहता कामा नये, नाना.” नाना मान डोलवायचे. त्यांना संशय येत नाही असं मला तेव्हा वाटायचं.

वर्षं गेली. नानांच्या मिशा पांढऱ्या झाल्या, धोतराच्या जागी लेंगा आला. काकू गेल्या, त्यानंतर तर ते रोज यायला लागले. काहीच न मारता नुसते भिंतीपुढे हात धरून उभे राहायचे. हात मात्र दगडासारखा स्थिर. एकदा मी म्हटलं, “नाना, आता कंटाळा नाही येत?” ते म्हणाले, “घरी कुणाच्या कागदाकडं बघू?”

मी त्यांच्या शेजारी भिंतीपुढे हात धरून उभी राहिले.

एका दुपारी विलास त्यांना लग्नाला न्यायला आला होता. आता तोही पोट सुटलेला, दोन मुलांचा बाप. फर्निचरचं दुकान त्याने छावणीत भाड्याने काढलं होतं आणि ते बरं चाललं होतं, पण उस्मानपुऱ्याचा हॉल दिसला की त्याचे डोळे अजून मोजमाप घ्यायचे. (आज तिथे मांडलेले सोफे त्याचेच, पण ते आले नाना गेल्यानंतर.) दार धरून उभा राहत तो म्हणाला, “चला नाना, उशीर व्हायलाय.”

“एक मारतो आन येतो.”

वीज गेली होती, गिरणी बंद होती. खिडकीतून ऊन आलं होतं. नानांनी हात वर नेला. शेजारची जागा रिकामी होती, बघण्यासारखा कागदच नव्हता. त्यांनी माशीकडे बघितलं. मला लांबून कळलं, माझ्या हाताला कळलं, की हा छर्रा जातोय तो वेगळाच जातोय.

मी दुर्बिणीला डोळा लावला. काळ्याच्या मधोमध, बरोब्बर.

नानांनी दोरी ओढून कागद जवळ आणला. हातात घेऊन बराच वेळ बघितला. मग त्याची चौपदरी घडी केली आणि जाकिटाच्या आतल्या खिशात घातली.

“किती पडलं, नाना?” विलासने विचारलं.

“नऊ,” नाना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “मॅडम, नऊच ना?”

मी आयुष्यात कुणालाही अर्धा गुण जास्त दिला नाही, की कमीही दिला नाही. दुर्बिणीवरून डोळा काढला आणि म्हटलं, “नऊच. मनगट थोडं वळलं. उद्या पुन्हा भिंतीपासून सुरुवात करू.”

“बघ,” नाना विलासला म्हणाले, “अजून लई शिकायचं ऱ्हायलंय.” आणि जाता जाता फळी पायाने वीतभर रिकाम्या जागेकडे सरकवून गेले.